बाटलीतले लाडोबा

माझी धाकटी बहीण जिवाणू पाळते. लोक मांजर पाळतात, पोपट पाळतात. हिच्या नशिबी हे. कडधान्याच्या बियाण्याला चोळायची काळसर भुकटी मिळते ना, ती जिथे बनते त्या प्रयोगशाळेत ती नोकरीला आहे. त्या भुकटीतला वाटाण्याचा जिवाणू तिने स्वतः शोधलेला, तरुणपणी उन्हातान्हात मुळं उकरत फिरून. त्याच्याबद्दल कोणी ब्र काढलेला तिला खपत नाही.

त्या वर्षी मात्र भुकटी चालेना. चाचणीच्या कुंड्यांमधली रोपं पिवळी पडली. मुळांवर गाठी आल्या, पण बारक्या आणि आतून पांढऱ्याफटक. काम करणारी गाठ आतून गुलाबी हवी, एवढं मलाही ठाऊक आहे. जन्म शिवणयंत्रावर गेला तरी बहिणीची बडबड कानावर पडतेच. तिचे साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांनी स्पष्टच सांगितलं. आणखी एक चाचणी, तीही फसली तर हा जिवाणू बंद आणि बाहेरून दुसरा आणायचा.

सुट्टीच्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि कापडाच्या ढिगाशेजारी बसून राहिली. तोंड एवढंसं झालेलं. पाणी, वाळू, बियाणं, तापमान, सगळं तपासून झालं होतं आणि काही म्हणता काही सापडत नव्हतं. मी म्हटलं, रडून गाठी गुलाबी होणार असतील तर खुशाल रड. नाहीतर ऊठ, परसात वाटाणा फुलावर आलाय, वेलांना काठ्या रोवायला मदत कर.

हा वाटाणा मुळात तिनेच लावलेला, बरं का. जिवाणू नवा सापडला तेव्हा पहिली हौस तिने माझ्याच वाफ्यात भागवून घेतली होती. पुढे दरवर्षी मी त्याच जागी घरचं बी टाकत गेले. खत म्हणाल तर चिमूटभरही नाही. आळस म्हणा, चिक्कूपणा म्हणा. काठी रोवताना एक वेल मुळासकट हातात आला आणि बाईसाहेब त्या मुळाकडे बघतच राहिल्या. टपोऱ्या गाठी लगडल्या होत्या. तिने नखाने एक फोडली, तर आत लालभडक.

मग फतकल मारून मातीतच बसली आणि मला सांगत सुटली. मूळ आधी हाक देतं, जिवाणू ओ देतात. मग मुळाचा एक बारीक केस वाकतो, त्यांना आत घेतो, आणि रोप त्यांना राहायला गाठ बांधून देतं. जिवाणू हवेतला नत्र रोपाला पचेल असा करून देतात, रोप त्यांना साखर पुरवतं. तो लाल रंग या संसारातूनच येतो, आपल्या रक्तातल्या रंगाचा भाऊबंद. गाठ कामचुकार निघाली, तर रोप हात आखडतं. काय कौतुक करावं! दोघांनाही ना डोकं, ना जीभ. आणि संसार असा, की माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांनी यांच्याकडे शिकवणी लावावी.

बोलता बोलता ती एकदम थांबली.

"ताई, मी माझ्या जिवाणूंना मुळाला भेटूच दिलं नाही."

झालं होतं असं. मधूनमधून जिवाणू रोपावर लावायचे आणि चांगल्या गाठीतून पुन्हा काढून घ्यायचे, ही तिथली पद्धत. पण त्यात दुसरं काही मिसळेल, आपला जिवाणू हरवेल, ही हिला धास्ती. म्हणून वर्षानुवर्षं या बाटलीतून त्या बाटलीत, गोड अन्नावर, स्वतःच्या हाताने. पिढ्यान्‌पिढ्या आयतं खाऊन बसलेल्यांना काम कशाला आठवेल? पोराचे असे लाड केले असते, तर शेजारपाजारच्यांनी दहादा सुनावलं असतं. बाटलीबद्दल कोण बोलणार? मी तर त्यांना जावयासारखंच मानत होते.

तिने तो वेल मातीसकट माझ्या अस्तराच्या कापडात गुंडाळून नेला. मातीतला दुसराच कोणी नसेल ना, म्हणून आधी बाटलीतल्याशी ताडून ओळख पटवली. तिचाच होता. कुंड्या पुन्हा भरल्या गेल्या, एका ओळीत बाटलीतले जिवाणू, दुसरीत या गाठीतून काढलेले, आणि फुलं येईपर्यंत ही रोज कुंड्यांपाशी घुटमळत राहिली. शेवटी पिवळ्या ओळीशेजारी हिरवीगार ओळ उभी राहिली. साहेबांनी स्वतः ब्लेडने गाठी कापून पाहिल्या, आणि यंदाची भुकटी याचीच करा म्हणाले.

त्या दिवशी मी तिला घ्यायला गेले होते. जुनी बाटली अजून टेबलावर होती. आठवण म्हणून असू दे, असं साहेब म्हणाले होते म्हणे, पण हिने मान हलवली. तिथे प्रेशर कुकरसारखं एक मोठं भांडं आहे, नको असलेले जिवाणू त्यात वाफेवर मारतात. तिने बाटली आत ठेवली.

"चांगले होते गं," ती म्हणाली. "मीच बिघडवले."

तिने झाकण घट्ट केलं, बटण दाबलं आणि झाकणावर हात ठेवून तशीच उभी राहिली. भांडं तापायला लागलं तरी हात काढेना. शेवटी मीच तो ओढून घेतला.