तिसऱ्या मजल्यावरचा ओला ब्लॉक

मित्रांनो, मी एक जुना ब्लॉक आहे. जुना म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. नवा ओटा, नवी मोरी, भिंतींना मोतिया रंग, असा मी आत्ताच सजून उभा आहे. मुलुंडच्या पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर माझा मुक्काम. मुक्काम म्हणजे काय, मला कुठे जायचंय? जातात ती माणसं. माझीही माणसं मला सोडून निघाली होती. पेटीला दोरी बांधायची तेवढी राहिली होती.

मला बांधलं ते गिरणीतल्या लोकांनी. लालबागच्या चाळीतल्या मंडळींनी एकत्र येऊन सोसायटी काढली. रविवारी येऊन ते आपल्या विटा डोळे भरून बघून जायचे. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा मी काशीरामच्या वाट्याला आलो. त्याची बायको सोनूबाई. जन्मभर चाळीत डबा घेऊन रांगेत उभी राहिलेली बाई ती. घरातला संडास बघून तिने त्याचं दार उघडून लाव, उघडून लाव असं किती वेळा केलं असेल. पाहुणे आले की चहाआधी त्यांना नळ सोडून दाखवायची. माझ्यासारखा ब्लॉक सगळ्या मुलुंडात नाही, असं ती येईल त्याला सांगे. आणि तिने सांगितलं की समोरच्याने मान हलवायची, एवढंच त्याच्या हातात असे.

मग माझी वास्तुशांत निघाली. तुम्हाला ठाऊक असेल, वास्तुशांतीला वास्तुपुरुषाची लहानशी प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात उपडी पुरतात. माझा आग्नेय कोपरा स्वयंपाकघरात, मोरीला लागून. भटजींनी बजावलं होतं, फरशीखाली दोन बोटं जागा पुरे. पण काशीराम पडला मालवणकडचा. गावाला घर बांधलेलं, तिथल्या मातीत त्याच्या बापाने पहार घातलेली त्याने बघितलेली.

"हातभर तरी खणूक व्होया, नायतर वास्तुपुरुष उघडो पडतलो," असं म्हणून त्याने पहार उचलली.

आता हातभर कुठून आणायचं? माझ्या तळाची जाडी वीतभरसुद्धा नाही. खाली माती नाही, दुसऱ्याचं घर आहे. पण खालचा ब्लॉक तेव्हा कुलूपबंद होता, नाहीतर पहिल्या घावालाच कुणीतरी वर धावत आलं असतं. पाणी मुरू नये म्हणून गवंड्यांनी मोरीखाली घातलेला सिमेंटचा थर काशीरामने फोडला, आणि सळईला पहार लागली तेव्हा कुठे थांबला. वर प्रतिमा ठेवली, फरशी बसवली, फरशीवर पाण्याचं पिंप ठेवलं. जेवणावळ झकास झाली. मी मात्र त्या दिवसापासून आतून भिजत राहिलो.

पुढे खाली शुभा राहायला आली. नवी नवरी, गोड बोलणारी. थोड्याच दिवसांत तिच्या ओट्यावर थेंब पडू लागले. ती वर आली आणि मावशी, तुमची मोरी गळते वाटतं, असं हळूच म्हणाली. सोनूबाईने तिला हाताला धरून मोरीशी आणलं.

"बघ. आहे कुठे ओल? चुलीवर झाकण ठेवायला शीक गं, वाफ वर जाते ती खाली पडते."

शुभा खाली जाऊन झाकण ठेवू लागली. पण थेंब थांबले नाहीत आणि तिचा गोडवा काही जन्माला पुरणारा नव्हता. जिन्यात भांडणं झाली. सोसायटीने प्लंबर पाठवला. त्याने मोरी उकरली, नळ तपासले, मग पिंपाखालची फरशी उचलू म्हणाला. सोनूबाई फरशीवर जाऊन बसली. इथे आमचा वास्तुपुरुष निजलाय, तिथे हत्यार लागणार नाही, असं तिने त्याला बजावलं. प्लंबर हत्यारं गोळा करून निघून गेला.

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण भिंतींना कान असतात म्हणतात, तोंड कुणी दिलंय?

मग दिवस फिरले. गिरणी बंद पडली आणि काशीराम घरी बसला. कापसाने त्याची छाती आधीच पोखरलेली. त्याची खाट स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. त्या भिंतीत ओल चढत चढत पार खिडकीपर्यंत गेली होती. त्याला खोकल्याची ढास लागली की थांबेना. औषधं झाली, काढे झाले. भिंतीवर ओलीचा डाग पसरला, त्याला हात उगारलेल्या माणसाचा आकार आला. सोनूबाईने तो बघितला आणि गावची गाडी पकडली. गावी जाऊन तिने देवळात कौल लावला, घराचा राखणदार रागावलाय का? देवाने होय सांगितलं. मी मनात म्हटलं, त्यात खोटं काही नाही.

ज्या तोंडाने ती माझं कौतुक करायची, त्याच तोंडाने आता येईल त्याला सांगू लागली की जागा लाभत नाही, भुताची आहे, माझ्या माणसाला खाणार. तिने मला झाडणं-पुसणं सोडलं. पोपडे पडले तरी केरसुणी फिरेना. मुलगा दत्ताराम कांजूरमार्गला कारखान्यात जायचा. त्याला आईपुढे बोलायची सवयच नव्हती. सून प्रेमा तेवढी म्हणाली, "आई, भिंत नीट करून बघू या ना आधी. बाबांना नव्या जागेत पण हाच खोकला राहिला तर?"

"तू चार वर्षांपूर्वी आलीस. मी ह्यांच्यासोबत जन्म काढलाय. मला ह्यांना जितं ठेवायचंय," सोनूबाई म्हणाली.

चंद्रप्रकाश नावाचा दलाल येऊन मला खालीवर बघून गेला. रविवारी पार्टी आणतो म्हणाला. पेट्या भरल्या. रविवारी सकाळी सोनूबाईच्या मनात आलं, मी माझा देव परक्यांच्या पायाखाली ठेवून जाणार नाही. तिने पिंप सरकवून घेतलं, दत्तारामला पहार दिली आणि स्वतःच्या नजरेखाली ती फरशी उचलायला लावली.

खाली खड्डा काठोकाठ भरलेला होता. साबणाचं, भांड्यांचं, वर्षानुवर्षांचं पाणी. सोनूबाईने पदर खोचून मनगटापर्यंत हात घातला आणि हिरवीगार पडलेली प्रतिमा बाहेर काढली. प्रेमाने तांब्या घेऊन पाणी उपसलं. तळाला बारीक भेग दिसली आणि त्या भेगेतून शुभाच्या फोडणीचा वास वर आला.

सगळ्यांनी खड्ड्यावर वाकून तो वास घेतला. मग सोनूबाई म्हणाली, "हिने आज लसूण करपवलाय."

प्रेमाला हसू फुटलं. दत्तारामला फुटलं. खाटेवरचा काशीराम हसता हसता खोकला.

"तुमका ठार मारूक भूत नाय, तुमचीच पहार होती," सोनूबाई त्याला म्हणाली. डोळे पुसायला तिचा पदर कोरडा नव्हता.

तेवढ्यात बेल वाजली. चंद्रप्रकाश पार्टी घेऊन दारात उभा. "माँजी, टायमावर आलोय बघा."

"आलास तसा जा बाबा. घरात काम काढलंय."

"पण तुम्ही जबान दिली होती ना."

"भुताच्या घराची दिली होती. हे माझं घर आहे," असं म्हणून तिने दार लावलं. मित्रांनो, त्या दाराचा आवाज मला सनईपेक्षा गोड लागला.

मग ती जिना उतरून शुभाकडे गेली. माफी मागणं तिला कधी जमलं नव्हतं. "चल वर, माझी अक्कल किती खोल खणलेली ते बघ," एवढंच ती म्हणाली. शुभा वर आली, खड्डा बघितला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा प्याली.

नंतर माझी डागडुजी निघाली. मोरी पूर्ण उकरून थर नव्याने घातला. भिजलेला गिलावा खरवडला. ओटा उभ्याने स्वयंपाक करायचा झाला, प्रेमाच्या पसंतीने. भटजींनी वास्तुपुरुषाला मोरीपासून लांब, दोन बोटं खोल जागेत पुन्हा निजवलं. ह्या खेपेस काशीराम नुसता बघत होता. त्याची खाट खिडकीशी हलवली. खोकला गेला नाही, कापूस कुठला जातोय. पण आता तो सकाळी उठून भाजी आणतो आणि भावावरून भांडतो.

मित्रांनो, आम्ही घरं फार सोसतो, पण मुक्याने सोसतो. भिंतीला ओल दिसली की तिला नावं ठेवू नका. खालचा शेजारी काही सांगायला आला तर त्याला आत बसवा, तो काय म्हणतो ते ऐका, आणि आधी फरशी उचलून बघा. देवाला मग खुशाल विचारा. तोवर तो बिचारा पाण्यातून तरी बाहेर आलेला असेल.