बादली भाडेकरूची

"छत घरमालकाचं, ओल घरमालकाची, आणि बादली मात्र भाडेकरूची! कुठल्या करारात लिहिलंय हे?" स्टुलावर चढून छताचे पोपडे खरवडता खरवडता शिंपीणबाईचा नवरा पुटपुटला.

"हळू बोला, वर ऐकू जातं," ती म्हणाली आणि शिलाई मशीन पुन्हा एकदा सरकवलं. महिनाभरात मशीन अख्खी खोली फिरून आलं होतं. जिथे ठेवावं तिथे नेमकं टपकायचं. शिवून झालेले शाळेचे गणवेश प्लास्टिकखाली दडपून ठेवलेले.

करारात तसं सगळं चोख होतं. दिवे, कड्या, रंग भाडेकरूने बघायचे. पाइप आणि छत घरमालकाने. घरमालकीणकाकू वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मुलगा दुसऱ्या शहरात. त्याने तिथूनच फोन करून तीनदा प्लंबर पाठवला. प्लंबरने तीनदा पाइप तपासला, तीनदा डोकं खाजवलं आणि "कुठेतरी झिरपतंय बघा," म्हणून गेला. तिसऱ्या वेळी जिन्यात शिंपीणबाई भेटली, तर गडी उगाचच खोकला. पाइप ठणठणीत आहे, हे त्यालाही कळून चुकलं होतं.

हिला तर कधीचंच माहीत होतं. काकू कपडे भिजवायला बादलीत नळ सोडायच्या आणि आत जाऊन साफ विसरायच्या. मोरीच्या जाळीवर एखादा रुमाल अडकलेला असायचा. मग पाणी उंबरठा ओलांडून थेट काकूंच्या खोलीत, आणि तिथून झिरपत हिच्या छतात. म्हणून ही दिवसातून चारदा "काकू, सुई आहे का हो?" करत वर जायची, नळ बंद करायची, फरशी पुसून खाली यायची. शिंपीण सुई मागायला येते, याचं काकूंना एकदाही नवल वाटलं नाही. हसावं की रडावं, हिला कळेना.

मुलाला सांगायचं ओठांवर यायचं आणि ती गिळून टाकायची. सांगितलं, की तो आईला घेऊन जाणार, घर विकणार, आणि अकरा वर्षांचं हिचं बिऱ्हाड उचलायची वेळ येणार. गिऱ्हाइकं सगळी याच गल्लीतली. नवीन जागी ओळखतंय कोण? पण मंगळवारी ती वर गेली, तर शेगडीचं बटण सुरू आणि ज्योत नाही. घरभर गॅसचा वास. काकू शांतपणे केस विंचरत बसलेल्या. त्या दिवसापासून हिची सरळ शिवणही वाकडी जायला लागली. दोन टाके घालायची आणि कान वर लावून बसायची. उठायची, जिन्यापर्यंत जायची, परत यायची.

आज मुलगा स्वतःच आला, सोबत प्लंबर आणि छिन्नी-हातोडा घेऊन गवंडी.

"मोरीची सगळी फरशी उखडा," तो म्हणाला. "एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाकू."

"बघा बुवा," प्लंबर भिंतीकडे बघत म्हणाला.

शिंपीणबाई वर काकूंच्या दारात उभी. मागून नवऱ्याने तिचं कोपर दाबलं. म्हणजे गप्प राहा. गवंड्याने छिन्नी टेकवली.

"अरे, त्या फरशीला कशाला मारताय?" काकू एकदम कडाडल्या. "ही रोज वर येते, नळाशी खुडबुड करते. हीच सोडून जाते नळ. मी बघते ना!"

गवंड्याचा हातोडा हवेतच राहिला. प्लंबरला अचानक आपल्या पिशवीत काहीतरी शोधायचं आठवलं.

"ताई, तुम्ही रोज येता वर?" मुलाने विचारलं.

"हो, नळ माझ्याकडूनच राहतो," म्हटलं असतं तर सगळं भागलं असतं. चार शब्द ऐकून घ्यायचे, माफी मागायची. फरशी वाचली असती, बिऱ्हाडही वाचलं असतं. फक्त उद्यापासून वर यायची बंदी. आणि मग त्या शेगडीपाशी कोण येणार?

"येते," ती म्हणाली. नवऱ्याच्या हातातून कोपर सोडवून ती आत गेली, काकूंच्या शेजारी टेकली, त्यांचा हात हातात घेतला. मुलाकडे तिने बघितलंच नाही.

"काकू, मी नळ बंद करायला येते. सोडता तुम्ही. मंगळवारी गॅसही सोडला होतात. तुमच्या लक्षात राहत नाही हो आता. तुम्ही एकट्या राहायचं नाही, काकू."