बगळ्याच्या पोटातले पाणी

सुज्ञ वाचकांच्या चरणी प्रारंभीच निवेदन असे की, पुढील ओळींत एका कूलरची, त्या कूलरवर चिकटवलेल्या एका बगळ्याची, आणि उभ्या आयुष्यात ज्यांचे माप कधी चुकले नाही अशा एका सद्गृहस्थांनी ऐन समारंभाच्या तोंडावर "माझे माप चुकले" असे का म्हटले, याची साद्यंत हकीकत यथामती कथन करण्याचे योजिले आहे. वाचकांनी ती शांतचित्ते ऐकावी.

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारामागील गल्लीत मधुकरराव भोयर यांचा कूलरचा कारखाना आहे. कारखाना हा शब्द जरासा मोठा झाला. तीन भिंती, वर पत्रे, आणि चौथ्या बाजूला रस्ता. परंतु त्या तीन भिंतींत जो पत्रा कापला जाई, त्याची कीर्ती मोठी होती. गल्लीतले लोक म्हणत, सूर्य एखाद्या दिवशी पाच मिनिटे उशिरा उगवेल, पण मधुकररावांचा पत्रा सूतभरही कमीजास्त निघणार नाही.

या घराण्याचा एक ठरलेला रिवाज होता. होळी जवळ आली की मोसमातला पहिला कूलर तयार होई, आणि त्यात पहिली बादली मधुकररावांच्या पत्नी प्रयागबाई यांनीच ओतायची. हळदकुंकवाचे बोट पत्र्याला लावायचे, पाणी ओतायचे, आणि मगच मोटर चालू करायची. बत्तीस वर्षांत यात खंड पडला नव्हता.

यंदाचा पहिला कूलर मात्र साधासुधा नव्हता. मधुकररावांच्या धाकट्या बंधूंची कन्या मिनल, जी त्यांना मोठेबाबा आणि प्रयागबाईंना मोठी आई म्हणे, बाहेरगावी डिझाइनचे शिक्षण घेऊन परत आली होती. तिने कूलरचे एक नवे रूप रेखाटले. सडपातळ, खोलीच्या कोपऱ्यात उभे राहील असे. पाणी भरायचे तोंड तिने वर ठेवले होते, जमिनीपासून अठ्ठेचाळीस इंचांवर. तिचा सहकारी अर्णव हा चित्रांचे काम पाही. त्याने कूलरच्या बाजूवर चिकटवण्यासाठी फुटाळा तलावाच्या काठचा एक पांढराशुभ्र बगळा काढला. बगळ्याची मान उंच, चोच उघडी, आणि चोच जिथे संपते बरोबर तिथे पाण्याचे तोंड. म्हणजे आपण पाणी ओतावे आणि बगळ्याने ते प्यावे, अशी ती सुंदर कल्पना.

मिनलचा हा आयुष्यातला पहिला नग होता. शहराबाहेरच्या मिहान या उद्योगवसाहतीत एका कंपनीच्या सभागृहात शहरातले डिझायनर वर्षातून एकदा जमत आणि नुकतेच तयार केलेले आपापले काम एकमेकांना दाखवत. यंदाच्या मेळाव्यात मिनलचा कूलर जगापुढे येणार होता, पहिली बादलीही तिथेच ओतली जाणार होती, आणि पुढचे सगळे नग त्याच नगाबरहुकूम घडणार होते.

"मोठेबाबा, कागदात आहे तसंच पाहिजे बरं का," असे तिने बजावले होते.

"माह्या हातून कधी कमीजास्त झालं का वं?" मधुकररावांनी हसून विचारले होते.

झाले असे की दिवाळीपासून प्रयागबाईंचा उजवा खांदा आखडला. वेणी घालण्यापुरताही हात वर जाईना. त्यांनी याचा उच्चार कोणापाशी केला नाही. फक्त एके सकाळी भिंतीवर लावलेल्या मिनलच्या कागदाकडे पाहून त्या म्हणाल्या, "यंदा पहिली बादली मिनलच्याच हातानं टाकू द्या. आता पोरीबाळींचे दिवस आहेत." आणि पोळ्या लाटायला आत गेल्या.

मधुकररावांनी कात्री खाली ठेवली आणि कागदावरचे अठ्ठेचाळीस इंच पुन्हा वाचले. त्या सायंकाळी न्हाणीत प्रयागबाईंनी भरलेली बादली डाव्या हाताने कशीबशी दगडी कट्ट्यावर ठेवलेली त्यांनी पाहिली. त्याहून वर ती जात नव्हती. प्रयागबाई आत गेल्यावर त्यांनी टेप काढला आणि तो कट्टा मोजला. सव्वीस इंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कूलरचे तोंड सव्वीस इंचांवर कापले. पाणी वर चढवायला मोटर आहेच, असे त्यांनी मनाशी म्हटले. मिनलला फोन करावा म्हणून दोनदा मोबाईल हातात घेतला. पण सांगायचे तर प्रयागबाईंचा खांदा सांगावा लागणार, आणि जी गोष्ट ती माउली नवऱ्यापासूनही झाकत होती, ती त्यांनी उघडी कशी करावी? मोबाईल खिशात परत गेला. बगळ्याची त्यांना आठवणच राहिली नाही.

ती आठवण झाली थेट सभागृहात. 'छोटा हत्ती' टेम्पोतून कूलर उतरवला, अर्णवने बगळ्याचे स्टिकर पसरून हळूहळू चिकटवत खाली आणले, आणि एकाएकी त्याचे हात थांबले.

"मिनल! इकडे ये लवकर. बगळा पोटातून पाणी पिऊन राहिला!"

मिनल धावत आली. चोचीपाशी सपाट पत्रा होता, आणि बगळ्याच्या बरोबर बेंबीच्या जागी कूलरचे तोंड आ वासून उभे होते.

"मोठेबाबा, हे तोंड खाली काहून गेलं?"

प्रयागबाई हळदकुंकवाची डबी घेऊन शेजारीच उभ्या होत्या. मधुकररावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले.

"माप चुकलं, बेटा."

"तुमचं?"

"बुढा झालो ना वं आता."

मिनलच्या डोळ्यांत पाणी तरळले. ती रागावली असती तर मधुकररावांना बरे वाटले असते.

"ही बाजू भिंतीकडे करू," अर्णव हळूच म्हणाला. "समोरून कोणाला समजणार नाही." मिनलने मान डोलावली, आणि बगळ्याची बाजू भिंतीकडे करून कूलर फिरवण्यात आला.

"वा!" प्रयागबाई पतीच्या कानाशी म्हणाल्या. "जिंदगीभर पत्रा कापला, अन् आज पोरीचं नाक कापलं तुमी."

"हो ना वं," मधुकरराव म्हणाले, आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले. त्यांना वाटले, आता ही पोर पुढचे काम आपल्याकडे आणणार नाही. आणले तरी शेजारी टेप घेऊन उभी राहील.

कार्यक्रम सुरू झाला. एकाने सातूच्या पिठाचे नवे पाकीट दाखवले. एका मुलीने कोराडीच्या बसथांब्यासाठी केलेला फलक दाखवला, ज्यावरची अक्षरे तिथल्या वीजकेंद्राच्या राखेने माखली तरी वाचता येत. टाळ्या पडत होत्या. मग मिनल उठली. पडद्यावर तिचा कूलर आला. ती छान बोलली. पत्रा कमी कसा लागतो, वाळ्याच्या ताट्या एका हाताने कशा बदलता येतात, सर्व सांगितले. बाजूचे चित्र तेवढे तिने भराभर पुढे सरकवले.

"काही प्रश्न?"

सभागृहात चहा देणाऱ्या कुसुमताई ट्रे घेऊन दाराशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, यात पाणी कुठून टाकाचं?"

काही जण हसले. मिनल हसली नाही. ती भिंतीकडे वळवलेल्या कूलरकडे पाहू लागली, आणि मग शेवटच्या रांगेकडे. तिथे पतीशेजारी बसलेल्या प्रयागबाईंचा पदर उजव्या खांद्यावरून घसरला होता आणि त्या तो डाव्या हाताने, सगळे अंग वळवून, वर ओढत होत्या. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता.

मिनलने एकदा त्या हाताकडे पाहिले, एकदा कूलरकडे.

"अर्णव, कूलर फिरव."

"काय?"

"फिरव म्हणते ना."

कूलर फिरला. बगळ्याचे पोट दिसले मात्र, सभागृहात हास्याचा एकच लोट उसळला. मधुकररावांनी मान खाली घातली.

"मोठेबाबा," मिनल तिथूनच म्हणाली, "किती चुकलं माप?"

खोटे एकदा बोलता आले होते. पण मापाचा प्रश्न विचारल्यावर मधुकररावांच्या जिभेला खरे उत्तर टाळता येईना. ते उठून उभे राहिले. "बावीस इंच."

"अन् जमिनीपासून?"

"सव्वीस."

"पुरं सव्वीस?"

"सूतभर फरक नाही."

"बावीस इंच माप चुकते कोणाचं, मोठेबाबा? अन् चुकून पुरं सव्वीसवर येते?" कूलरच्या तोंडावर हात ठेवून तिने विचारले. "हे सव्वीस आणलं कुठून?"

"घरच्या न्हाणीतल्या कट्ट्याचं आहे," मधुकरराव पुटपुटले.

प्रयागबाईंचा हात पदरावर तसाच थांबला. त्या कट्ट्यावर रोज बादली कोण ठेवते आणि कशी ठेवते, हे त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

"मी हा कूलर कागदावर दहादा भरला," मिनल सर्वांना म्हणाली. "बादलीनं एकदाही नाही भरला. आमच्या घरी पहिली बादली मोठी आई भरते. मोठी आई, ये ना."

"इतक्या लोकाईसमोर काहून वं?" असे म्हणत प्रयागबाई उठल्या. पतीच्या समोरून जाताना क्षणभर थबकल्या. "मले सांगता नाही आलं? नाक कापलं म्हणाली मी तुमाले."

"म्हण ना," मधुकरराव म्हणाले. "आपलंच नाक आहे."

कुसुमताईंनी बादली भरून आणली. प्रयागबाईंनी डबी उघडली आणि बगळ्याच्या पोटाला हळदकुंकवाचे बोट लावले. मग डाव्या हाताने बादली उचलली. ती कमरेपर्यंत आली, तोंडाच्या काठावर टेकली, आणि पाणी आत गेले. जमिनीवर एक थेंब सांडला नाही. मोटर चालू झाली आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत ओल्या वाळ्याचा वास पसरला. मिनल खाली उतरून मधुकररावांजवळ आली आणि त्यांचा पत्र्याने चिरलेला पंजा तिने आपल्या दोन्ही हातांत धरला.

"पुढचे सगळे नग सव्वीसचेच करा," ती म्हणाली. "पण मले फोन करत जा ना!"

"करीन, बेटा."

अर्णव मात्र डोके खाजवत कूलरपाशीच उभा होता. "म्हणजे आता बगळ्याची मान खाली वाकवावी लागेल."

"पोट तर भरलं त्याचं," प्रयागबाई म्हणाल्या. "आता मान कायले वाकवता?"

बगळा तसाच राहिला. आजही जरीपटक्याच्या त्या गल्लीतून जे कूलर बाहेर पडतात, त्यांच्यावर तो उंच मानेचा बगळा आहे, आणि तो पोटातूनच पाणी पितो.

ही हकीकत इतक्या मन लावून वाचल्याबद्दल समस्त वाचकांचे मनःपूर्वक आभार. लिहिण्यात काही उणे राहिले असल्यास ते लेखकाचे समजावे. मधुकररावांचे माप बरोबरच आहे.

आपला नम्र,
विश्वनाथ धोंडबाजी ठवकर
जरीपटका, नागपूर