बिनसहीचं पिवळं चित्र

रविवारी सकाळी साडेसातला उमाताईंचा फोन आला. "केशवराव, पेपर बघितला का? चौथ्या पानावर माझं चित्र आलंय. खाली नाव तात्यासाहेबांचं आहे."

मी चष्मा शोधून पेपर उघडला. पिवळी भिंत, तिच्यात एक बंद खिडकी, आणि खाली ठळक अक्षरांत 'तात्यासाहेबांची गाजलेली कलाकृती'. त्यांच्या नातवानं, विश्वजीतनं, पैठण रोडवरच्या बंगल्यात आजोबांच्या नावानं कलादालन काढलंय आणि पुढच्या शनिवारी त्याचं उद्घाटन आहे, अशी बातमी होती. ते चित्र उमाताईंचं आहे हे जाणणारी आता दोनच माणसं जिवंत आहेत, त्या आणि मी. आणि हे कुणाला कधी सिद्ध करता येऊ नये याची तजवीज मीच करून ठेवलेली आहे.

"वैदेहीला दाखवलं," उमाताई म्हणाल्या. वैदेही त्यांची नात. "म्हटलं, हे मी काढलंय. तिनं खालचं नाव वाचलं, 'हो का आजी' म्हणाली, आणि माझी बीपीची गोळी आणून दिली."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला घरातलं माणूस कुठल्या आवाजात 'हो का' म्हणतं, ते मलाही आता ओळखता येतं.

नवरेषा क्लब आम्ही आठ जणांनी चौऱ्याहत्तर साली काढला. शहागंजात अत्तराच्या दुकानावर माडीची खोली होती. ती तात्यासाहेबांनी मिळवून दिली. ते पैठणकडचे बागाईतदार, मोठ्या मनाचा माणूस. "मी घोडा काढला तर लोक म्हणत्यात म्हैस लई झ्याक आली," असं स्वतःच सांगून हसायचे. मी पाटबंधारे खात्यात कारकून. उमाताई मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. तेव्हा गावात चित्र म्हणजे कॅलेंडरवरची लक्ष्मी, फार तर अजिंठ्याची नक्कल. आमची चित्रं बघून लोक विचारायचे, हे सरळ धरायचं की उलटं? आम्हाला त्याचाही अभिमान होता.

क्लबचा एकच कडक नियम होता. चित्रावर सही करायची नाही. दर रविवारी चित्रं भिंतीला लावायची आणि कुणाचं कोणतं हे न सांगता त्यावर बोलायचं. नाव कळलं की माणूस चित्र बघतच नाही, जात बघतो, घराणं बघतो, बाई की बाप्या ते बघतो. चित्राचा नंबर आणि नाव फक्त चिटणीसाच्या वहीत असे, आणि चिटणीस मी. नियम चांगला होता. आजही त्याबद्दल माझ्याशी कुणी वाद घालू नये.

दहाव्या वर्षी एकेकाला आपापलं नाव हवंसं वाटू लागलं. वही दाखवा, माझं कोणतं गाजलं ते लिहून द्या, अशी पिरपिर सुरू झाली. माझं डोकं तेव्हाही असंच तापट. मी ठराव मांडला की वहीच जाळून टाकू. भराभर हात वर गेले. उमाताईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि शेवटी त्यांनीही हात वर केला. गच्चीवर घमेल्यात वही जाळली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि काय जळतंय ते बघायला अत्तरवाला धावत वर आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढे क्लब मोडला. चित्रं तात्यासाहेबांनी ट्रॉलीत घालून घरी नेली आणि नीट सांभाळली. ते जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांच्या घरात सापडलेली चित्रं त्यांचीच, असं घरच्यांना वाटलं तर त्यांची तरी काय चूक?

सोमवारी उमाताईंना रिक्षात घालून मी बंगल्यावर गेलो. विश्वजीत वाकून पाया पडला. पोरगा उद्धट असता तर मला बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, मुंबईच्या तज्ज्ञांनी तपासलंय. सगळ्या चित्रांत रंग लावायच्या सुरीचे फटकारे एकाच हाताचे वाटतात, म्हणाले."

"सुरी कुठली?" उमाताई म्हणाल्या. "तसली सुरी तेव्हा इथं मिळत नव्हती. मी घरातल्या उलथन्यानं रंग लावायचे. तुझ्या आजोबांना मीच शिकवलं ते. मग सगळेच तसं करायला लागले."

"मावशी, तुम्ही खोटं सांगताय असं मी म्हणत नाही. पण कशाच्या जोरावर लिहू? उद्या कुणीही येऊन म्हणेल, हे माझ्या बापाचं. एखादा कागद, एखादी खूण?"

उमाताई एकदम ताठ झाल्या. "खूण आहे. त्याचं कापड खालच्या कोपऱ्यात फाटलं होतं. मागून मी ठिगळ लावलंय, माझ्या निळ्या पोलक्याचं. टाके पण माझेच आहेत. बघा काढून."

हे मलाही माहीत नव्हतं. विश्वजीतनं स्वतः स्टुलावर चढून चित्र उतरवलं आणि टेबलावर पालथं घातलं. मागं पांढरंशुभ्र कोरं कापड होतं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घट्ट चिकटवलेलं.

"मुंबईला दुरुस्तीला पाठवली होती सगळी," तो हळू आवाजात म्हणाला. "जुनी ठिगळं काढून मागून नवं कापड लावलं त्यांनी." त्यानं आमच्यासमोरच मुंबईला फोन लावला. काढलेलं जपून ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते कचऱ्यात गेलं होतं.

उमाताईंनी त्या कोऱ्या कोपऱ्यावरून दोनदा बोट फिरवलं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

निघताना विश्वजीतनं मला बाजूला घेतलं. उद्घाटनाच्या पुस्तिकेसाठी क्लबचा इतिहास त्याला माझ्याकडूनच लिहून हवा होता. "मावशींचं नाव आपण मानानं घालू, काका. तात्यासाहेबांच्या शिष्या म्हणून. एवढं माझ्या हातात आहे."

रिक्षात बसल्यावर मी फणफणलो. "शिष्या? ज्यांना हातात उलथनं कसं धरायचं ते तुम्ही शिकवलं, त्यांच्या शिष्या? एक ओळ लिहून देणार नाही मी."

पुंडलिकनगरचं वळण आलं. उमाताई म्हणाल्या, "लिहा."

"उमाताई, अहो..."

"लिहा, केशवराव. मी चित्रं काढायचे, एवढं तरी कुठं छापून येऊ दे. शाळेत पोरींना फुलं-पानं शिकवायचे, यापलीकडे घरात कुणाला काही खरं वाटत नाही." आणि मी तोंड उघडायच्या आत त्यांनी जोडलं, "वही जाळताना हात मीही वर केला होता."

मी लिहिलं. चार पानं, सुवाच्य अक्षरात. तिसऱ्या पानावर 'तात्यासाहेबांच्या शिष्या' हे शब्द लिहिताना पेन थांबलं, पण नंतर चाललं. कारकुनाचा हात, सांगितलं ते लिहितो.

शनिवारी दालनात गर्दी होती. पिवळं चित्र मधल्या भिंतीवर दिव्याखाली होतं. त्याच्याखाली पितळी पट्टीवर तात्यासाहेबांचं नाव होतं. उमाताई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि हलेनात. तेवढ्यात वैदेही पुस्तिका उघडून धावत आली. तिचा चेहरा फुलला होता.

"आजी, तू तात्यासाहेबांची शिष्या होतीस? कधी बोलली नाहीस! म्हणजे तू खरंच अशी चित्रं काढायचीस?"

"काढायचे," उमाताई म्हणाल्या.

"आणि मी त्या दिवशी... सॉरी आजी." तिनं आजीला घट्ट मिठी मारली. उमाताईंचे डोळे भरून आले. त्या माझ्याकडे पाहत होत्या. मी आत्ता एक वाक्य बोललो असतो, तर पोरीच्या चेहऱ्यावरचा तो विश्वास पुन्हा गेला असता. पुराव्यावाचून बोलणारे दोन म्हातारे, एवढंच तिला दिसलं असतं.

वैदेहीनं मोबाईल काढला. "थांब, तुझा तुझ्या गुरूंच्या चित्रासोबत फोटो घेते. आजी, जरा सरक ना, चित्र झाकलं जातंय."

उमाताईंना ऐकू गेलं नसावं. मग मीच त्यांचा हात धरला आणि त्यांना बाजूला घेतलं.