एक्केचाळीस हिरवे

शाळा सुटल्यावर पोरांना पगारी जीव लावायचा, अशी ताईची नोकरी होती. नेमणूकपत्रात तिला ‘मार्गदर्शक’ म्हटलं होतं आणि जीव लावायची वेळ साडेतीन ते सहा अशी दिली होती.

वर्ग शाळेच्या तळघरात भरायचा, टेबलटेनिसच्या टेबलाभोवती. सहावी ते आठवीची अठरा पोरं. आधी गृहपाठ, मग खेळ, आणि जाताना प्रत्येकाने भिंतीवरच्या तक्त्यात आपल्या नावापुढे एक ठिपका चिकटवायचा. हिरवा म्हणजे मजेत, पिवळा म्हणजे ठीकठाक, लाल म्हणजे वाईट. ओळीने तीन लाल आले की ताईने नऊ पानी अहवाल भरायचा. नवव्या पानावर प्रश्न असायचा, ‘हे टाळण्यासाठी आपण काय केलंत?’

पहिल्याच महिन्यात ताईने पाच अहवाल भरले. त्यातले तीन एकट्या रेडिओचे. रेडिओ म्हणजे सातवीतला एक अखंड बडबड्या. त्याचा आवडता संघ हरत होता आणि तो शिस्तीत लाल लावत होता.

“तुमच्याकडेच का हो एवढं दुःख?” समन्वयक बाईंनी विचारलं. “शेजारचं केंद्र बघा, कसं हिरवंगार आहे.”

शेजारच्या केंद्रात लाल ठिपक्यांचं पाकीट कपाटात कुलूपबंद असतं, हे ताईला फार उशिरा कळलं. तेवढी धिटाई तिच्यात नव्हतीच. तिने आपला पोरांना एक विनोद सांगितला.

“हे बघा, लाल कधी लावायचा? घराला आग लागली तर. बाकी सगळ्याला हिरवा.”

पोरं हसली. मागच्या बाकावरून एक हात वर आला. तो हात पहिल्यांदाच वर येत होता. तोंड उघडत नाही म्हणून पोरांनी त्या मुलीचं नाव कुलूप ठेवलं होतं. तेरा वर्षांची. आई दूरच्या शहरात कामाला, म्हणून मावशीकडे राहायची.

“नुसता धूर असेल तर?” कुलूपने विचारलं.

“धुराला हिरवा,” ताई म्हणाली.

पोरं टेबल बडवून हसली. इतका जमलेला विनोद ताईने आयुष्यात केला नव्हता.

त्यानंतर कुलूपने ओळीने एक्केचाळीस हिरवे लावले. बेचाळिसाव्या दिवशी ती आली नाही. त्रेचाळिसाव्या दिवशी आली, ती डाव्या हाताला प्लास्टर घालून. मावशीचा नवरा स्वतः सोडायला आला होता. जिन्यावरून पडली, म्हणाला.

“ताई, यांचं घर तळमजल्यावर आहे,” तो गेल्यावर रेडिओ म्हणाला. “म्हणजे पडायच्या आधी ही कुठेतरी वर चढली असणार.”

या वेळी कुणी हसलं नाही. ताईने त्या संध्याकाळी कुणी न सांगता अहवाल लिहिला. दंडावरचे बोटांचे वळ लिहिले. महिन्यापूर्वी मानेवर दिसलेला, आणि आपण काही न विचारलेला, काळानिळा डाग लिहिला. नवव्या पानावर पेन बराच वेळ थांबलं.

कुलूपच्या आईने बालकल्याण कचेरीत अर्ज केला की पोर मला परत द्या. शाळेत सह्या करायला कुणीतरी हवं, म्हणून जाताना तिनेच पोरीचा ताबा मावशीच्या नवऱ्याच्या नावे लिहून दिला होता. आता तो कागद रद्द करायला पुरावा लागत होता.

चौकशी तळघरातच झाली. टेबलाच्या एका बाजूला अधिकारी, दुसऱ्या बाजूला मावशीचा नवरा, म्हणजे कुलूपचे काका, मध्ये जाळी. आईला रजा मिळाली नव्हती. ती समन्वयक बाईंच्या फोनवर होती आणि फोन जाळीला टेकवून ठेवला होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीत ‘पडल्यामुळे’ असं होतं, कारण काकांनी त्यांना तसंच सांगितलं होतं.

काका बोलायला मऊ माणूस. त्यांनी फक्त भिंतीकडे बोट केलं.

“साहेब, मी कशाला बोलू? पोरगीच बोलतेय. एक्केचाळीस दिवस.”

अधिकाऱ्याने कुलूपला विचारलं. तिने काकांकडे पाहिलं आणि आपल्या नावाला जागली.

ताई उठली. “बसा हो,” समन्वयक बाई पुटपुटल्या. ताई बसली नाही.

“ते हिरवे तिचे नाहीत, माझे आहेत. अहवाल लिहायला लागू नयेत म्हणून मी पोरांना शिकवले.”

“म्हणजे तक्ता खोटा?”

“हो.”

“तक्ता कोण ठेवतं?”

“मी.”

“आणि हा वळांचा अहवाल?”

“तोही मीच लिहिला. पण तो खरा आहे.”

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा काढून डोळे चोळले. “बाई, तुमच्या नोंदी खोट्या असतात, असं तुम्हीच आत्ता सांगितलंत.”

खरं बोलून ताईने हात दाखवून अवलक्षण केलं होतं, आणि तेही दुसऱ्याच्या हातावर. तक्ता बाद झाला, त्याच्याबरोबर अहवालही बाद झाला. ताई कामावरून बंद. नवा मार्गदर्शक येईल, तीन महिने नव्याने नोंदी ठेवेल, मग बघू. तोवर मुलगी आहे तिथेच राहील. फोनमधून आई “साहेब, साहेब” करत राहिली. समन्वयक बाईंनी आवाज कमी केला.

ताई कपाटातलं आपलं सामान पिशवीत भरत होती. कुलूप शेजारी येऊन उभी राहिली.

“ताई, आता रोज लाल लावायचा ना?”

“रोज.”

“पण इथे खेळताना कधी कधी बरं वाटतं. त्या दिवशी?”

ताईने दाराकडे पाहिलं. काका किल्ली बोटात फिरवत वाट बघत होते.

“त्या दिवशीसुद्धा लाल,” ती हळूच म्हणाली. “आणि कुणासमोर हसू नकोस.”

कुलूपने नीट मान हलवली, चांगला विद्यार्थी हलवतो तशी. मग ती दाराकडे गेली, आणि काकांनी तिच्या खांद्यावरचं दप्तर फार मायेने काढून घेतलं.