येसू मुकादमाची झोळी

१९१४ साली लोणावळ्याजवळ धरणाची भिंत बांधताना लहानू हा मजूर घसरला. कमरेच्या दोरानं तो अडकला, पण शिडी येईपर्यंत लोंबकळतच दम कोंडून मेला. तेव्हापासून मुकादम येसूला चैन पडेना. चौथ्या दिवशी तो स्वतःच दोर बांधून भिंतीवरून खाली लोंबकळला.

“मी पडलो समजा! काढा वर!”

वर नुसती धावपळ झाली. येसूचे पाय बधिर झाले, दम कोंडला. कसाबसा वर आल्यावर तो म्हणाला, “सायेब, दुसरा दोर, रहाट आन् झोळी हितं आल्याबिगर कुनीबी उतरनार न्हाई.”

कामावरचा साहेब चिडला, पण माणसं बसूनच राहिली. दुपारी सगळं सामान आलं. येसू लगेच पुन्हा उतरला. या खेपेला त्याला झोळीतून चटकन वर घेतलं.

तरी तो म्हणाला, “आजून एकदा. समद्यांचा हात बसला पायजे.”