सिम्युलाचा धडा

माझ्या बायकोला, उज्ज्वलाला, जाऊन महिना झाला नव्हता, तेवढ्यात विकास तिचा फोटो मागायला आला. सुरतच्या भेस्तान भागात त्याचा कॉम्प्युटर क्लास आहे. ती शेवटपर्यंत तिथेच शिकवायची. आता शोकसभा ठेवायची, रस्त्यावर मोठा बॅनर लावायचा, म्हणून फोटो हवा.

“आणि काका, मॅडमचा सिम्युलाचा धडा आम्ही काढतोय. मेलेली भाषा ती. पालक जावा आणि पायथनचे पैसे देतात.”

मेलेली. माझ्या घरात बसून त्याला हाच शब्द सुचला.

सिम्युला ही साठच्या दशकात नॉर्वेत तयार झालेली प्रोग्रामिंगची भाषा. क्लास, ऑब्जेक्ट, एका क्लासने दुसऱ्याचा वारसा घेणं, हे आधी तिच्यात आलं. मागून आलेल्यांनी उचललं. विकास जावा म्हणून जे विकतो, त्याचं मूळ हेच. उज्ज्वला हा धडा फळ्यावर शिकवत नसे. ती पोरांना उभं करायची. एक पोरगा डाइंग मिलचं कापड रंगवायचं मशीन, बाकीचे कापडाचे ताके, रांगेत. ताका म्हणजे ऑब्जेक्ट; आपला रंग त्याने स्वतः सांगायचा, मशीनने त्याच्या खिशात हात घालायचा नाही.

“तिच्याकडे शिकताना तूही ताका झाला होतास,” मी म्हणालो. “रांगेत घुसलास म्हणून तिने तुला बाहेर काढलं.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“जेवताना सांगायची. फार हसायची तुझ्यावर.”

तो ओशाळला नाही. “काका, फोटो द्या ना. प्रिंटिंगवाला थांबलाय.”

“धडा राहिला तर फोटो. नाहीतर बॅनरवर गुलाब छाप.”

त्याने थोडा वेळ मोबाइल चाळला.

“ठेवू धडा. फक्त नाव ‘एआयचा पाया’ देऊ. फीसुद्धा वाढवता येईल.”

सुरतच्या साडी मार्केटची ही रीतच आहे. जुनी डिझाइन खपली नाही की नवं नाव देऊन पुढच्या कॅटलॉगात घालायची. मला त्याला हाकलून द्यावंसं वाटलं. पण सिम्युलाचं तरी दुसरं काय झालं? तिचं सगळे वापरतात, नाव कुणी घेत नाही. उज्ज्वलाला त्याचा राग येत नसे. मला येतो.

“पोरं रांगेत उभी राहतील?”

“राहतील, काका. मी स्वतः उभी करीन.”

“तू नको. तुमच्याकडे ती पूजा शिकवते ना, तिला सांग. ती रांग पाळते.”

मग फोटो दिला. आधारकार्डासाठी काढलेला, डोळे अर्धे मिटलेला. चांगला होता तो मी ठेवून घेतला.